तपासणाराचा रकाना

आमची राहती इमारत पाडून तिच्या जागीं नवी उभारावयाची, असा ठराव आमच्या सोसायटीनें केला त्यास आतां वर्ष होत आलें. या वर्षांत सभा पुष्कळ झाल्या, चहाही पुष्कळ झाला. परंतु जिच्यामुळें हा लेख लिहावासा वाटला ती सभा गेल्या महिन्यांतली. त्या सायंकाळीं वास्तुविशारदांच्या कचेरींतून दोघे तरुण आले. त्यांनीं भिंतीवर पांढरा पडदा टांगला, दिवे मालवले, आणि जी इमारत अद्यापि पृथ्वीवर कोठेंही नाहीं तिच्या जिन्यावरून आम्हां सर्वांस वर नेलें. आमच्या भावी स्वयंपाकघरांत सकाळचें कोवळें ऊन पडलें होतें. ओट्यावर कोणीं तरी लिंबें ठेवलीं होतीं. गॅलरींतल्या कुंडींत मोगरा फुलला होता, आणि खालीं अंगणांत जीं मुलें खेळत होतीं त्यांतलें एकही आमच्या सोसायटींतलें नव्हतें. आमच्या घरांतील मंडळींच्या तोंडून ‘अगबाई!’ असा उद्गार निघाला. व खरें सांगावयाचें तर आम्हीं स्वतः त्याच क्षणीं मनांतल्या मनांत संमतिपत्रावर सही करून टाकली.

दिवे लागल्यावर आमचे शेजारी उठले. हे गृहस्थ सरकारी बांधकाम खात्यांत जन्मभर ड्राफ्ट्समन होते. आतां वय ऐंशीच्या पुढें आहे. त्यांनीं चष्मा कपाळावर चढवला, नकाशाचा कागद डोळ्यांशीं नेला, आणि तळमजल्यावर जेथें गाड्या उभ्या राहावयाच्या तेथील एका बीमवर बोट ठेवून विचारलें, “हा वीस फुटांचा दिसतो. पंधराच इंच खोल कसा?”

दोघांपैकीं इंजिनियर होता तो म्हणाला, “काका, तें आम्ही ठरवत नाहीं. सॉफ्टवेअर ठरवतें.”

“बरें. मग तुम्ही काय ठरवतां?”

प्रश्नांत कुचेष्टा नव्हती. ज्या कचेरींत आयुष्य गेलें तेथें हल्लीं कामाची वांटणी कशी असते, एवढेंच त्यांस जाणून घ्यावयाचें होतें. तो तरुण रागावला नाहीं. पण त्याला उत्तरही सुचलें नाहीं. तेवढ्यांत वृद्धांचें बोट घसरत घसरत कागदाच्या उजव्या कोपऱ्यांत गेलें. तेथें नेहमींप्रमाणें तीन रकाने होते: काढणारा, तपासणारा, मान्य करणारा. तिन्हींत तींच दोन आद्याक्षरें होतीं.

सभा उठली, पण आमच्या मनांतून ते तीन रकाने उठेनात. एखादी गोष्ट यंत्रानें ठरवली असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां ती ठरवल्याचा दोष अगर पुण्य कोणाच्या पदरीं पडतें? प्रश्न केवळ इंजिनियरांचा असता तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु त्या बीमखालीं आमची नातवंडें सायकली लावणार आहेत.

यंत्राविरुद्ध गाऱ्हाणें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगणें बरें. हातांनीं नकाशे काढण्याचा तो जुना काळ कसा होता हें आम्हीं शेजाऱ्यांकडूनच ऐकलें आहे. मोठी खोली, ओळीनें मांडलेलीं तिरपीं टेबलें, टी-स्क्वेअर, गुण्या, ट्रेसिंगचा कागद, आणि प्रती काढतांना अमोनियाचा नाकांत झोंबणारा वास. शाईची रेघ चुकली तर दाढीच्या पात्यानें ती अलगद खरवडावयाची, आणि खरवडलेली जागा नखानें घांसून गुळगुळीत करावयाची. किती केलें तरी ती जागा उजेडांत धरली असतां दिसेच. या वर्णनानें आम्ही अंमळ गहिंवरूं लागलों, तेव्हां त्यांनींच आम्हांस थांबवलें. “काव्य करूं नका,” ते म्हणाले, “डोळे गेले त्यांत आमचे. एक खिडकी हलवली कीं सात कागद नव्यानें गिरवावे लागत. आणि सातव्यावर हलवायची राहिली कीं गवंडी तेथें भिंत घालून मोकळा.”

हा जांच यंत्रानें खरोखरच संपविला. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधासाठीं ‘स्केचपॅड’ नांवाची योजना तयार केली. प्रकाशाच्या लेखणीनें संगणकाच्या पडद्यावर रेघ काढावयाची, व या दोन रेघा समांतर राहूं देत असें एकदां सांगितलें कीं पुढें त्या समांतर राखण्याचें काम यंत्राचें. १९८२ मध्यें ‘ऑटोकॅड’ निघालें आणि हीच विद्या टेबलावरच्या लहान संगणकांत येऊन बसली. होतां होतां जगभरच्या कचेऱ्यांतून तिरपीं टेबलें हद्दपार झालीं. आतां तर पडद्यावर नुसती रेघ उरली नाहीं. तेथें काढलेल्या भिंतीस आपण भिंत आहों हें ठाऊक असतें. ती किती विटांची, किती वजनाची, हें ती विचारल्यास सांगते. तळनकाशांत खिडकी सरकवली कीं दर्शनी चित्रांत ती सरकते, छेदांत सरकते, आणि मालाच्या हिशेबांतही तिची नोंद आपोआप फिरते. सांडपाण्याचा नळ बीमच्या पोटांतून जाऊं लागला तर यंत्र आधींच ओरडतें. पूर्वीं तें प्लंबरास छिन्नी हातांत घेतल्यावर कळत असे, आणि पुष्कळदां तो बीमलाच भोंक पाडून पुढें जात असे. जें यंत्र एवढें करतें त्याला नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल.

तथापि या सोयीबरोबर एक गोष्ट नकळत गेली. पूर्वीं अर्धवट विचार अर्धवटच दिसे. पेन्सिलीची पुसट रेघ, तिच्यावर दुसरी, कडेला प्रश्नचिन्ह, खोडरबराचे डाग, अशा कागदाकडे पाहतांच कळे कीं येथें अजून कोणाचें तरी मन द्विधा आहे. आतां पहिल्या क्षणाची रेघ शेवटच्या क्षणाच्या रेघेइतकीच काळी, सरळ व स्वच्छ असते. पांच मिनिटांपूर्वीं सुचलेला जिना पांच महिने विचार केलेल्या जिन्यासारखाच दिमाखानें उभा राहतो. खोटें कोणीच बोलत नाहीं. पण कागद मात्र आपल्याविषयीं आहे त्याहून अधिक खात्री दाखवतो. आणि अलीकडे चार वाक्यांत गरज सांगितली कीं घराचे दहा आराखडे समोर टाकणारीं यंत्रें निघालीं आहेत. दहाही आराखडे पूर्ण, आणि शंका मात्र एकांतही नाहीं.

यावर कोणी म्हणेल, हातानें काढलेल्या आणि हातानें मोजलेल्या गोष्टी काय कोसळत नव्हत्या? कोसळत होत्या. किंबहुना आमच्या मतें या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला संगणकाच्या जन्मापूर्वींचाच आहे.

कॅनडांत क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभीं एक प्रचंड लोखंडी पूल बांधला जात होता. मुख्य सल्लागार थिओडोर कूपर हे त्या काळचे नामांकित इंजिनियर. वयोवृद्ध, प्रकृतीनें खंगलेले, न्यूयॉर्कमध्यें राहणारे. मधल्या गाळ्याची लांबी १,६०० फुटांवरून त्यांनींच १,८०० फूट केली. परंतु पुलाचें स्वतःचें वजन किती धरावयाचें हा हिशेब त्या मानानें पुन्हा मांडला गेला नाहीं. सरकारी इंजिनियरांकडून या कामाची स्वतंत्र तपासणी व्हावी अशी सूचना मध्यंतरीं पुढें आली होती. कूपरसाहेबांस ती अपमानासारखी लागली, आणि ती मागें पडली. १९०७ च्या ऑगस्टांत कामावरील तरुण निरीक्षक नॉर्मन मॅक्लुअर यांस खालच्या एका मोठ्या पट्टीचा बांक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेलेला दिसला. ते स्वतः गाडींत बसून न्यूयॉर्कला गेले. २९ ऑगस्टला दुपारीं कूपरनीं पुलावर अधिक भार घालूं नये अशी तार केली. पण ती केली पूल बांधणाऱ्या कंपनीच्या पेनसिल्व्हानियांतील कचेरीस. पुलावर तिचा कांहीं परिणाम होण्यापूर्वींच, त्याच संध्याकाळीं काम सुटण्याच्या सुमारास, पूल नदींत गेला. वर ८६ माणसें होतीं. त्यांतलीं ७५ मेलीं.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगानें १९०८ सालीं अहवाल दिला, आणि दोष दोन माणसांचीं नांवें घेऊन त्यांच्या पदरीं घातला: कूपर यांच्या, आणि कंपनीचे आरेखनप्रमुख श्लाप्का यांच्या. चूक कोणाची, या प्रश्नास त्या काळीं नांव होतें. तें नांव ऐकणें कठोर असेल. परंतु त्यामुळेंच पुढच्या माणसाचा हात सही करतांना थबके.

कॅनडांतील इंजिनियरांमध्यें १९२५ पासून एक विधि चालत आला आहे. शिक्षण संपवून व्यवसायांत शिरणाऱ्यास कर्तव्याची शपथ देऊन लोखंडाची एक साधी अंगठी देतात. आतां ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. ती पडलेल्या क्वेबेकच्या पुलाच्या लोखंडाची केली अशी दंतकथा आहे. ती खरी नाहीं, पण ती लोकांस खरी वाटावी हें समजण्यासारखें आहे. हा विधि रचून देणारे कवि रडयार्ड किप्लिंग. त्यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईस, जेथें त्यांचे वडील शिकवीत त्या सर जे. जे. कलाशाळेच्या आवारांत झाला. आमच्या देशाविषयीं त्यांनीं जें जें लिहिलें त्यांतलें सारेंच आम्हांस गोड वाटतें असें नाहीं; परंतु या विधीला हात त्यांचा लागला हें त्यांच्या जमेस धरावें लागेल. अंगठी ज्या हातानें काम करावयाचें त्या हाताच्या करंगळींत घालतात. म्हणजे नकाशा काढतांना ती प्रत्येक रेघेबरोबर कागदावर घासावी, खरखरावी, आणि रेघ काढणाऱ्यास आठवण द्यावी. आतां हात कागदावरून फिरत नाहीं. अंगठी आहे तेथेंच आहे. तिला घासावयाला कागद उरला नाहीं.

यंत्र आल्यावर काय झालें तें अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरानें पाहिलें. तेथील क्रीडागृहाचें छप्पर ३०० फूट रुंद व ३६० फूट लांब, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची एक अवाढव्य जाळीच होती. इतके सांधे असलेल्या जाळीचें गणित हातानें करणें दुष्कर, म्हणून तें संगणकावर केलें होतें, आणि त्यामुळें खर्चही वांचला होता. जाळी जमिनीवर जोडून मग जॅक लावून वर चढवली. ती जमिनीवर होती तेव्हांच तिचा झोल गणितांत आलेल्या झोलाच्या दुप्पट भरला. हें पाहणाऱ्यांनीं पाहिलें, आणि कळवायचें त्यांस कळवलेंही. उत्तर आलें कीं गणित आणि प्रत्यक्ष यांत थोडें अंतर असावयाचेंच. १८ जानेवारी १९७८ रोजीं, हिमवृष्टीनंतरच्या पहाटे सवाचारच्या सुमारास, तें सारें छप्पर रिकाम्या खुर्च्यांवर येऊन पडलें. आदल्या रात्रीं तेथें सुमारें पांच हजार लोक बास्केटबॉलचा सामना पाहून घरीं गेले होते. चौकशींत निघालें तें असें: जाळीच्या वरच्या पट्ट्यांना मध्यें पुरेसा आधार आहे, असें गणितांत गृहीत धरलें होतें, प्रत्यक्ष बांधकामांत तसा आधार नव्हता. शिवाय छपराचें वजनही कमी धरलें होतें. संगणकानें बेरीज चुकवली नव्हती. त्याला जें छप्पर सांगितलें तें उभें राहिलें असतें. बांधलें गेलें तें निराळें होतें.

क्वेबेकच्या पट्टीचा बांक आणि हार्टफर्डच्या जाळीचा झोल यांत आम्हांस भेद दिसत नाहीं. दोन्हीं ठिकाणीं लोखंड आपल्या भाषेंत बोललें, दोन्हीं ठिकाणीं तें कोणीं तरी ऐकलें. भेद आहे तो लोखंडाला गप्प बसवणाऱ्याच्या सबबींत. कूपर आपल्या कीर्तीच्या बळावर स्वस्थ होते. हार्टफर्डच्या इंजिनियरांना कीर्तीची गरजच पडली नाहीं, त्यांच्यापाशीं यंत्राचा आंकडा होता. माणसाच्या कीर्तीवर संशय घेण्यास धैर्य लागतें, पण तो घेतां येतो. तिच्यामागें एक चेहरा असतो, त्या चेहऱ्याचा स्वभाव माहीत असतो. आंकड्याला चेहरा नसतो.

१९९१ मध्यें नॉर्वेंत स्टाव्हांगरजवळच्या खाडींत स्लाइप्नर नांवाच्या सागरी तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चांचणी चालू असतां बुडाला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. द्रव्यहानि सुमारें ७० कोटि डॉलरांची झाली. त्याच्या पोकळ खांबांच्या भिंतींवर येणारा एक प्रकारचा ताण संगणकाच्या गणितांत जवळजवळ निम्म्यानें कमी आला होता, कारण ते कोपरे यंत्राला समजावून देतांना फार ढोबळपणें दिले होते. मागाहून तेंच गणित बारकाईनें मांडून पाहिलें, तेव्हां उत्तर आलें कीं हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल. तो फुटला होता ६५ मीटरवर. वाचकांनीं या दोन आंकड्यांकडे क्षणभर पाहावें. यंत्राला सत्य ठाऊक होऊं शकत होतें; त्याला तें कोणीं नीट विचारलें नव्हतें.

येथें आम्हांस व्याकरणाची आठवण होते. पाणिनीनें कर्ता आणि करण यांची फारच नेमकी फोड केली आहे: क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र तो कर्ता, आणि ती सिद्धीस नेण्यास सर्वांत उपयोगी पडतें तें करण. सुतार करवतीनें लाकूड कापतो; सुतार कर्ता, करवत करण. परंतु करवतीची धार वाखाणावयाची असेल तेव्हां आपण म्हणतों, ही करवत काय सुरेख कापते! वैयाकरण ही सवलत देतात, कारण बोलणाराची इच्छा असेल तर करणालाही कर्त्याच्या आसनावर बसवतां येतें. मात्र ही सवलत बोलण्यापुरती आहे. करवतीनें बोट कापलें म्हणून करवतीवर फिर्याद लावावी असें कोणा वैयाकरणानें म्हटलेलें नाहीं. “सॉफ्टवेअर ठरवतें” या वाक्यांत हीच सवलत घेतलेली असते; आणि ती कौतुकासाठीं घेतली असेल तोंवर आमची हरकत नाहीं. कौतुकासाठीं आसनावर बसवलेलें करण जेव्हां तेथून खालीं उतरेनासें होतें, आणि खरा कर्ता हात जोडून बाजूस उभा राहतो, तेव्हां व्याकरणाची गोष्ट नीतीची होते. कारण पश्चात्ताप, लाज, रात्रीची उडालेली झोंप, हीं सारीं कर्त्याला होतात, करणाला होत नाहींत. ज्या कामांत चुकल्याची लाज वाटणारें कोणीच उरलें नाहीं तें काम कितीही बिनचूक असलें तरी आम्ही त्याला निर्धोक म्हणणार नाहीं.

मग उपाय काय? पुन्हा हातानें नकाशे काढा म्हणणें हें डोळे गमावलेल्यांचा अपमान करण्यासारखें आहे. शिवाय हात हें प्रमाण नव्हेच. अमेरिकेंतीलच कॅन्सस सिटींत एका हॉटेलाच्या दिवाणखान्यांत वरच्या मजल्यांचे जोडपूल छतापासून सळयांनीं टांगलेले होते. मूळ योजनेंत दोन पुलांना मिळून वरपासून खालपर्यंत एकेक अखंड सळई होती. जोडणीच्या सोयीसाठीं कारखान्याच्या नकाशांत तिचे दोन तुकडे झाले, आणि त्या एका बदलामुळें वरच्या पुलाच्या सांध्यावरील भार दुप्पट झाला. नकाशावर इंजिनियरांचा शिक्का पडला. १७ जुलै १९८१ रोजीं खालीं नृत्याचा कार्यक्रम चालू असतां ते पूल कोसळले. ११४ माणसें गेलीं. सांध्याचें गणित कारखान्यानें करण्याची वहिवाट आहे, असा इंजिनियरांचा बचाव होता. तो मानला गेला नाहीं. त्यांचे परवाने गेले. येथें दोष यंत्राचा नव्हता. कागदावर ‘तपासलें’ असें होतें, आणि तपासलें कोणींच नव्हतें.

म्हणून आम्हांस वाटतें, नकाशा कशानें काढला हा प्रश्न गौण आहे. त्या कोपऱ्यांतल्या मधल्या रकान्यांत सही करणाऱ्यानें त्या कागदावर एकदां तरी मनापासून संशय घेतला होता काय, एवढाच खरा प्रश्न. आणि संशय घ्यावयाला मन दुसरें लागतें. ज्या मनांतून रेघ निघाली त्याच मनाला तिच्यांतली चूक सहसा दिसत नाहीं. आपल्याच पत्रांतली शुद्धलेखनाची चूक आपणांस दिसत नाहीं तसें. पूर्वीं खोलींत बरीच माणसें असत, म्हणून दुसरें मन आयतें मिळे. आतां एका माणसाला तें सर्व काम करतां येतें, आणि त्यामुळें दुसरें मन मुद्दाम पगार देऊन ठेवावें लागतें. कोणतीही काटकसर करावयाची झाली कीं पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते, कारण तो कांहीं काढत नाहीं. तो फक्त पाहतो.

आणि आम्ही? त्या संध्याकाळीं ओट्यावरचीं लिंबें पाहून ज्यांनीं मनांत सही केली ते आम्हीही या दोषांतून सुटत नाहीं. आम्हीं ऊन पाहिलें, मोगरा पाहिला, बीम पाहिला नाहीं. भाजीवाल्याकडे वांगें उलटून पाहिल्याखेरीज न घेणारीं माणसें आम्ही, घर मात्र उलटून न पाहतां घेतों.

दुसऱ्या रविवारीं तो तरुण इंजिनियर पुन्हा आला. सभेला नव्हे, थेट शेजाऱ्यांच्या घरीं. आम्हांसही बोलावणें आलें. त्यानें सोबत वहीचीं चार पानें आणलीं होतीं, स्वतःच्या हस्ताक्षरांत. आठवड्यांतल्या एका रात्रीं बसून त्या बीमचें गणित त्यानें हातानें केलें होतें. पंधरा इंच पुरतात, असें निघालें. फुटाला एक इंच हा शेजाऱ्यांचा हिशेब दोन टोकांवर नुसत्या टेकलेल्या बीमचा. हा बीम दोहों बाजूंना पुढच्या बीमशीं अखंड जोडलेला, आणि सळईही भरपूर. शेजाऱ्यांनीं चारही पानें सावकाश वाचलीं, एके ठिकाणीं मान हालवली, आणि म्हणाले, “म्हणजे तुमचें यंत्र बरोबर होतें.”

“हो काका. पण मला तें आतां माहीत झालें.”

मग त्यानें नवा नकाशा उलगडला. मधल्या रकान्यांत यावेळीं निराळीं आद्याक्षरें होतीं. कोणाचीं म्हणून विचारतां तो म्हणाला, कचेरींत नुकतीच लागलेली एक मुलगी आहे, तिला बसवलें तपासायला. बीममध्यें तिला कांहीं सांपडलें नाहीं. जिन्यांत दोन चुका सांपडल्या. पहिल्या वळणाखालीं उंच माणसाचें डोकें आपटलें असतें.

“आणि दुसरी?” शेजाऱ्यांनीं विचारलें, आणि चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशीं नेला.